उंबऱ्याचे खिळे

बायकोला, वेणूला जाळून काळूराम घरी आला तेव्हा मागच्या खोलीच्या उंबऱ्यात चार खिळे ठोकलेले होते. खिळे नवे होते. उंबरा जुन्या सागाचा, कडक. एका ठिकाणी त्याची ढलपी निघाली होती आणि ती तशीच खाली पडली होती. म्हणजे तो तिकडे खाडीकाठी चितेपाशी उभा होता, तेव्हा इकडे घरात कोणीतरी हातोडी घेऊन बसलं होतं.

"हे कोनी ठोकलं?" त्यानं विचारलं. अंगावरचे ओले कपडे त्यानं अजून बदलले नव्हते.

"मी," त्याची आई रंभा म्हणाली. "आनि कोन ठोकनार? घरात एक बाप्या मानूस नव्हता."

"कशाला ठोकलं?"

"कशाला म्हंजे? ओली बाळंतीन गेली. ती पोरीसाठी माघारी येनार. खिळं असलं का तिला उंबरा वलांडता येत नाय."

तिरडीमागून त्याचा थोरला भाऊ शिवा सूप घेऊन चालत होता आणि मूठमूठ राळ्याचे बारीक दाणे वाटेवर टाकत होता, ते कशासाठी हे काळूरामला आता कळलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, असेल काही रीत. रीतच होती. बाळंतपणात मेलेली बाई परत यायला निघाली की वाटेवरचे राळे मोजत बसते, मोजता मोजता उजाडतं, आणि मग तिला मागं फिरावं लागतं. हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

काळूरामला पहिला राग आला तो इथं. वेणूला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. मिठागरावर टोपल्या मोजताना ती दर वेळी चुकायची, मुकादम हसायचा, आणि ती पदर तोंडाला लावून त्याच्याहून जास्त हसायची. तिला या लोकांनी राळे मोजायला बसवलं होतं. आणि ते राळे तरी कुठं राहिले होते? येताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं, शेजारच्या शांतीच्या कोंबड्या बांधावर ते टिपत होत्या.

खोलीत पोरगी होती. आठवड्याची. अजून नाव नव्हतं.

तिला आईचं दूध एकदासुद्धा मिळालं नव्हतं. पहिलं दूध चिकाचं, पिवळं, जड. ते पोराच्या पोटाला बाधतं, म्हणून रंभा ते वेणूला पिळून काढायला लावी आणि भिंतीवर उडवी. जमिनीवर सांडून मुंग्या लागल्या तर दूध आटतं, म्हणून भिंतीवर. तोवर पोरीला गुळाचं पाणी. वेणू रोज विचारायची, "आत्याबाय, आज देऊ का तिला?" रंभा म्हणायची, "उद्या दे. जरा नितळ उतरू दे." नितळ उतरायच्या वेळेला वेणूला हुडहुडी भरली, ताप चढला, आणि मग पोर कुठली आणि भिंत कुठली हे तिला कळेना. तापातच ती गेली.

त्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला पिवळट ओघळ सुकले होते. काळूराम त्यांच्याकडे बघत बसायचा. म्हैस व्याली की हीच आई चिकाचा खरवस करते, शेजारीपाजारी वाटी पाठवते, कोणाची वडी लहान आली म्हणून घरात पोरं भांडतात. म्हशीच्या चिकाचा खरवस आणि वेणूचा चीक भिंतीला. एवढं त्याच्या मनात आलं की त्याच्या दाढा आवळायच्या. पण हे कोणाला सांगायचं? आईला सांगावं, तर ती म्हणणार, तू पन असाच वाढलास, मेलास का?

आता पोरीला शांतीच्या शेळीचं दूध देत. त्यात अर्धं पाणी घालायचं, कोमट करायचं, कापसाचा बोळा बुडवायचा आणि पोरीच्या तोंडात धरायचा. बोळा ती चोखायची, दमायची, सोडून द्यायची. निम्मं दूध गालावरून मानेत उतरायचं. मानेच्या वळीत कातडी लाल झाली होती. पोटात गेलेलं थोड्या वेळानं बाहेर यायचं. आठवड्याची पोर दुसरा आठवडा संपत आला तरी वाढायची ती उलट लहान झाली. मांड्यांची कातडी सैल पडली. हातात घेतली की काळूरामला वाटायचं, दुपट्याचंच वजन जास्त आहे.

आणि घरात दूध होतं.

शिवाची बायको भामा सहा महिन्यांच्या पोराला पाजत होती. दांडगी बाई, दूध भरपूर. तिचा पोरगा पिऊन झोपला तरी तिची चोळी ओली राहायची. एकदा काळूराम परसात गेला तेव्हा ती शेवग्याच्या बुंध्याशी पाठमोरी वाकून जादा झालेलं दूध पिळून टाकत होती. त्यानं तोंड फिरवलं आणि तसाच माघारी आला. कानशिलं तापली होती. खोलीत पोरगी कापूस चोखत होती आणि शेवग्याला दूध मिळत होतं.

पण भामानं खिळ्यांचा उंबरा ओलांडायचा नाही, असं रंभानं तिला बजावलं होतं. मेलेल्या बाळंतिणीच्या पोराला अंगावर घेतलं, तर ती बाळंतीण त्या दुधावर हक्क सांगते. पाजणारीचं दूध आटवते, नाहीतर तिचं स्वतःचं पोर नेते. भामाची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

काळूराम एका सकाळी शिवाजवळ गेला. शिवा ओटीवर बसून जाळं नीट करत होता.

"दादा, वयनीला सांग ना. दिसातून एकदा तरी पोरीला घेऊ दे."

शिवानं मान वर केली नाही. "माझी दोन गेली, काळू."

"मी तुझं पोर मागत नाय. दूध मागतो."

"एकच हाय ते माझं." शिवानं सुतळी दातानं तोडली. "तुला रागवायचं तर रागव."

काळूराम रागावलाच. पण रागावून करायचं काय? भावाची मान पिरगळायची? तो मिठागरावर गेला आणि लाकडी फावड्यानं मीठ ओढत राहिला. मीठ ओढताना रोज वेणू पलीकडच्या वाफ्यात असायची. आज तिथं दुसरी बाई होती. ती एकदा हसली तर तो तिच्यावर खेकसला, "काय झालं दात काढायला?" बिचारी घाबरून गप्प झाली. दिवसभर मग त्याच्याजवळ कोणी आलं नाही.

संध्याकाळी घरी आला तर पोरगी रडत नव्हती. आदल्या दिवशीही ती रडली नव्हती. आता त्याच्या ध्यानात आलं.

"गप का हाय ही?"

"गप हाय ते बरं," रंभा म्हणाली. "गोळी दिली."

"कसली गोळी?"

"बाळगोळी. समदी देतात. रडली का आवाज जातो तिकडं, तिला ऐकू जातो. रडू दिलं का ती येनार."

"आनि पिते कवा?"

"उठली का पिते."

"उठते कवा?"

काळूरामनं पोरीच्या तोंडाला बोळा लावला. ओठ हलले नाहीत. दूध एका बाजूनं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. त्यानं आईच्या हातातली गोळ्यांची डबी हिसकून घेतली, एक गोळी धोतराच्या सोग्यात बांधली आणि डबी बाहेर उकिरड्यावर भिरकावली.

सकाळी उठल्या उठल्या तो चालत पनवेलला गेला. बाजाराच्या पलीकडे, तळ्याच्या अंगाला एक डॉक्टर बसत असे. खोलीत आधीच माणसं होती, त्यांच्यातून तो सरळ आत घुसला. डॉक्टर त्याच्यावर ओरडले, पण गोळी टेबलावर ठेवल्यावर त्यांनी ती उचलून वास घेतला.

"कोणाला देता हे?"

"पोरीला. दुसरा आठवडा सरत आला. आय गेली तिची."

"अफू आहे यात. एवढ्याशा पोराला? अरे, पोर रडतं तेव्हा ते भूक लागली म्हणून सांगत असतं. त्याचं तोंड बंद केलं तर ते सांगणार कसं? आता काय पाजता?"

"शेळीचं. पानी घालून. बोळ्यानं."

"उलट्या?"

"व्हतात."

"ही गोळी बंद. झोपली असली तरी पाय चोळून उठवायची." डॉक्टर पाण्याची भांडी, उकळणं, असलं काहीतरी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. "घरात अंगावर पाजणारी बाई नाही का कोणी?"

"हाय. भावाची बायकू."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

उंबऱ्यात खिळे आहेत, हे त्या टेबलासमोर काळूरामला सांगता आलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं ना? सरक आता," आणि तो बाहेर आला.

परतताना सगळी वाट तो स्वतःशी बोलत होता. मग माझ्याकडे कशाला आलास? बरोबर विचारलं माणसानं. घरात दूध आहे, घरात तोंड आहे, मध्ये चार खिळे आहेत. आणि आपण धोतर सावरत पनवेलला चाललोय.

घरी आला तेव्हा ऊन चढलं होतं. पोरगी झोपलेलीच होती. तो उंबऱ्यातून आत गेला, तिला मांडीवर घेतलं आणि तिचे तळवे चोळायला लागला. तळवे त्याच्या अंगठ्यापेक्षा थोडेच मोठे. चोळत राहिला. रंभा दारात येऊन उभी राहिली.

"कशाला उठवतोस? झोपू दे ना तिला."

"आये, तू गप बस."

"रडेल ती."

"रडू दे."

"ती येईल, काळ्या."

"येऊ दे! तिची पोर हाय. तिनं नाय यायचं तर कोनी यायचं?"

रंभानं कपाळावर हात मारला. "तुझं डोस्कं फिरलंय. तू आनि तुझी पोर उद्या ऱ्हाल का जाल, त्या भामाच्या पोराला काय झालं तर मी कुनाला तोंड दाखवू?"

पोरीनं पाय ओढून घेतला. मग तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. मग निघाला. अगदी बारीक, खरखरीत, मध्येच तुटणारा. पण रडणं होतं.

माजघरात भामा तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. काळूरामनं दारातून पाहिलं. ती बसली होती तिथंच बसली होती, खाली बघत. तिच्या चोळीवर दोन्हीकडे ओलं पसरत होतं. तिनं पदर ओढून घेतला. पदरही भिजला. तिचा स्वतःचा पोरगा झोळीत गाढ झोपला होता. तो रडला नव्हता. रडली होती ती दुसरी.

काळूरामनं पोरीला खाली घोंगडीवर ठेवलं. परसात पहार होती ती घेऊन आला. रंभाला बाजूला केलं आणि उंबऱ्याला पहार लावली.

"अरं, काय करतोस?" रंभा किंचाळली. "शिवा! शिवा, बघ ह्यानं काय चालवलंय!"

शिवा ओटीवरून धावत आला, पण हातातली पहार बघून माजघरातच थांबला. शेजारची शांती कुडावरून डोकावत होती, तिच्यामागे आणखी दोन बाया. काळूरामनं पहिला खिळा उपसायचा प्रयत्न केला, तो वाकला पण निघेना. आईनं ठोकला होता, चांगला ठोकला होता. मग त्यानं खिळ्यांचा नाद सोडला आणि आख्खा उंबराच उचकटायला घेतला. एका बाजूची चौकट करकरली. माती पडली. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर उंबरा एका टोकानं वर आला, आणि त्यानं तो दोन्ही हातांनी ओढून खिळ्यांसकट परसात फेकला. शांतीच्या कोंबड्या ओरडत पळाल्या.

मग तो खोलीच्या दाराला लागून असलेल्या परसदारी वाट अडवून उभा राहिला, खाडीकडच्या बांधाकडे तोंड करून, आणि त्यानं हाक मारली.

"वेणे! ए वेणे! ये! पोरगी भुकेली हाय. उंबरा काढलाय, राळं कोंबड्यांनी खाल्लं, तुला मोजायला काय ठेवलं नाय. ये आनि पाज तिला!"

बाया कुडामागून नाहीशा झाल्या. मेलेल्या बाळंतिणीला भर दुपारी नावानं हाक मारलेली वाडीत कोणी ऐकली नव्हती. रंभा मटकन खाली बसली.

काळूराम वाट बघत उभा राहिला. लोकांना वाटलं तो इरेला पेटून ओरडला. तसं नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की ती येईल. बांधावर ऊन होतं. एक माणूस कावड घेऊन चालला होता, तो लांब निघून गेला. दुसरं कोणी नव्हतं. पोरगी आत रडत होती, आणि वेणू आली नाही.

एवढा राग त्याला आईचाही आला नव्हता. वेणूचाच आला. एवढी हाक मारली, तरी ही येत नाही म्हणजे काय?

मागून भामाचा आवाज आला.

"भावजी, वाट सोडा. मधे काय उभं रायलात खांबासारखं?"

तो वळला. ती दारापाशी होती. उंबरा होता तिथं आता खड्डा होता आणि ती त्या खड्ड्याच्या अलीकडे उभी होती. चेहरा उतरला होता.

"भामा," शिवा म्हणाला, "आत पाय टाकू नको. सांगून ठेवतो."

"मंग हे कोनाला पाजू?" तिनं भिजलेला पदर हातानं उचलून दाखवला. "तुमाला?"

"भामे, बये, आपली दोन गेली ना?" रंभा रडत म्हणाली.

"गेली. तवा वेनू कुठं मेली व्हती? ती तर या घरात लगीन होऊनबी आली नव्हती. मंग त्यांना कोन घेऊन गेलं?" भामा आता बोलायची थांबत नव्हती. "या तिसऱ्याच्या येळेला माज्या उशाशी कोन बसली व्हती? वेनूच ना? माज्या पोराला माज्या अगुदर तिनं उचलला. आनि ती माज्या पोराला नेनार? तुमी म्हनता म्हनून मी ऐकत बसले. कान फुटले माजे ऐकून."

ती खड्डा ओलांडून आत गेली. ओलांडताना तिनं डोळे मिटले, हे काळूरामनं पाहिलं.

"दार लोटा," ती आतून म्हणाली. "आनि वरडू नका आता. पोर दचकते."

काळूरामनं दार लोटलं आणि तिथंच पाठ टेकून उभा राहिला. आत रडणं चालू होतं. मग थांबलं. त्यानं कान लावला. काहीच ऐकू येईना. रडून दमली, की प्यायली, की... त्याला विचारवेना. माजघरात कोणी हलत नव्हतं. शिवा झोळीजवळ जाऊन उभा राहिला होता आणि झोळीत वाकून स्वतःच्या पोराचा श्वास बघत होता.

"तोंडात धरत नाय," भामा आतून म्हणाली. "दम नाय तिच्यात." मग थोड्या वेळानं, "पिळून घालते. थेंब थेंब."

काळूराम थांबला.

"गिळलं," भामा म्हणाली. "आनखी एक गिळलं."

आणि मग बऱ्याच वेळानं ती अचानक ओरडली, "आग आयो! कवढी वढते गं भवानी! दात नायत तर एवढी!"

रंभा जमिनीवर बसली होती ती उठली. नाक पदराला पुसलं. फडताळाशी गेली, डबे उघडून बघितले आणि आपटून बंद केले. मग काळूरामच्या अंगावर आली.

"उभा काय रायलास? घरात आळीव नाय, डिंक नाय. दोन पोरं वढनार तिला, ती काय हवा खाऊन पाजनार? जा, बाजारात जा. आनि येताना चौकटीला लाकूड बघ. उंबरा मोडून ठेवलास मेल्या, आता कुत्री घरात येतील."

"आत्ताच पनवेलहून आलो."

"मंग परत जा! पाय मोडलं का तुझं?"

"जातो!" काळूराम तेवढ्याच जोरात म्हणाला.

पिशवी घेऊन तो निघाला. परसातून जाताना उंबऱ्याला त्याचा पाय अडखळला, त्यानं त्याला लाथ मारली, अंगठा ठेचला, आणि लंगडत बांधावर आला. बांधावर शांती कोंबड्या गोळा करत होती. त्याला बघून ती बाजूला सरली, पण तिला राहवेना.

"काळू भाऊ," तिनं भीतभीत विचारलं, "पोर कशी हाय?"

"पिते!" तो तिच्यावर ओरडला, आणि तसाच पुढं चालत गेला.